फोटो ऑक्टोबरचा वाटला पाहिजे: कोल्हापुरात शरद टिपण्याची पद्धत

दरवर्षी दसरा झाला की ओळखीतले हौशी लोक फोटो दाखवायला आणतात. हिरवंगार रान, ढग, रंकाळा तलावावरचा तांबडा सूर्य. फोटो वाईट नसतात. पण तारीख झाकली तर तो जुलैचा, ऑक्टोबरचा की जानेवारीचा, काही कळत नाही. मग कुणीतरी रंग पिवळे-नारिंगी करून त्याला 'ऑटम' बनवतो. आपल्याकडे पानं लाल होऊन गळत नाहीत. इथला शरद ओळखू येतो तो जमिनीत अजून ओल आहे आणि वर ऊन मात्र कडक पडलंय, यावरून. ओल आणि ऊन एकाच चौकटीत आले की फोटो ऑक्टोबरचा झाला. पुढची सगळी खटपट त्यासाठी आहे.

चुका बहुतेक क्रमाच्या असतात. लोक आधी जागा ठरवतात, मग वेळ, आणि काय टिपायचं ते तिथं गेल्यावर बघतात. हा क्रम उलटा करा.

१. आधी खुणा ठरवा

घरातून निघण्यापूर्वी एक कागद घ्या आणि या दिवसांत दिसणाऱ्या आणि दोन महिन्यांपूर्वी किंवा दोन महिन्यांनंतर न दिसणाऱ्या पाच-सात गोष्टी लिहा. माझ्या यादीत साधारण हे असतं: लोंबी खाली झुकलेलं, अर्धं हिरवं अर्धं पिवळं भात. काढून खळ्यात किंवा अंगणात पसरलेला भुईमूग, मुळांना अजून माती चिकटलेली. प्राजक्ताचा सडा. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव. घाटाच्या पायऱ्यांवर पाणी उतरल्यावर राहिलेली गाळाची रेघ. भिंतीवरचं शेवाळ, वाळून तपकिरी पडायला लागलेलं. आणि नवरात्राआधी पंचगंगेच्या काठावर वाळत पडलेल्या धुतलेल्या गोधड्या. ही शेवटची खूण मला सगळ्यांत जवळची. चार महिने कोंदट घरात राहिलेलं अंथरूण-पांघरूण बाहेर येतं, नदीत धुतलं जातं आणि उन्हात पडतं. ओल आणि ऊन याहून सरळ कुठं सापडणार?

यादीत ऊस लिहू नका. कोल्हापूरचा फोटो म्हणजे ऊस हवाच, असं वाटणं साहजिक आहे. पण उभा ऊस पावसाळ्यात हिरवा, दसऱ्याला हिरवा आणि दिवाळीलाही हिरवाच. तो महिना सांगत नाही. त्याला तुरा फुटला की सांगतो, पण ती पुढची गोष्ट. तोवर ऊस पार्श्वभूमीला ठेवा आणि पुढे भात किंवा सोयाबीन येऊ द्या.

तपासा: यादीतली एखादी खूण जुलैतही दिसत असेल तर खोडा. तीन उरल्या तरी पुरे.

२. पावसाळ्यानंतरची कॅमेऱ्याची तपासणी

हा टप्पा लोक गाळतात आणि मग फोटो धुरकट का आले म्हणून विचारतात. चार महिने कपाटात बंद राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरू शकते. लेन्स काढा, एका बाजूनं छोटी टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. आत कोळिष्टकासारखे धागे किंवा पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. ती बाहेरून पुसून जात नाही. लेन्स दुरुस्तीला द्या, आणि तोवर बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा. नुसती धूळ असेल तर ब्लोअरनं उडवा.

बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या असतील तर त्या बदला किंवा वाळवा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, कोंड्याची पूड आत जाते.

मोबाईलवर काढणाऱ्यांनी लेन्स स्वच्छ, कोरड्या सुती कापडानं पुसावी. शर्टाच्या टोकानं पुसली की तेलकट थर नुसता पसरतो आणि उगवत्या सूर्यासमोर चौकटभर धुरकट पट्टे येतात. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा. ग्रिड चालू. दृश्य ओळखून रंग आपोआप गडद करणारी एआय सोय बंद, कारण ती हिरवा रंग भडक करते आणि भाताचा पिवळेपणा खाऊन टाकते. आणि प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची पिवळी-निळी झाक ठरवणारी सोय, ऑटोवरून काढून उन्हाच्या चिन्हावर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्व्हिनच्या आसपास, ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्सचं कामच पिवळी झाक काढून टाकण्याचं आहे, आणि आपण पहाटे उठतो ते त्या झाकेसाठी.

कॅमेऱ्याला पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक मारणारा फिल्टर, असेल तर घ्या. ओल्या पानांवरची पांढरी चमक तो मारतो आणि निळं आकाश दाट करतो. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे असताना त्याचा परिणाम सर्वांत जास्त, सूर्य समोर किंवा पाठीशी असताना जवळजवळ शून्य. तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), म्हणून पहाटेच्या अंधारात काढून ठेवा.

सावध: एसी लावलेल्या गाडीतून पन्हाळ्यावर उतरलात आणि लगेच कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर बाष्प धरतं. माझी एक अख्खी पहाट अशी गेली. पुसत बसले, पुन्हा धरलं, पुन्हा पुसलं, तोवर सूर्य दोन हात वर. शेवटची १५-२० मिनिटं एसी बंद करून काचा खाली घ्या आणि कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

३. दिवस निवडा

परतीचा पाऊस आपल्याकडून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. त्याआधीचे पंधरा दिवस विचित्र असतात: सकाळी स्वच्छ, दुपारी उकाडा, चारनंतर ढग उभे राहतात आणि संध्याकाळी गडगडाट. हस्ताचा पाऊस म्हणतात तो हा. सूर्य हस्त नक्षत्रात सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत असतो. मुली हादगा खेळतात तेच हे दिवस.

फोटोवाल्याला हा पाऊस म्हणजे पर्वणी, पण त्याच दिवशीची नव्हे. दुसऱ्या दिवशीची. संध्याकाळी पाऊस पडून गेला, रात्री आकाश मोकळं झालं आणि वारा पडला, तर पहाटे नदीकाठच्या सखल रानात धुकं साचण्याची शक्यता चांगली. जमीन ओली असते, उघड्या आकाशाखाली ती रात्रभर थंड होते आणि लगतच्या हवेतलं बाष्प बारीक थेंब होऊन तिथंच तरंगत राहतं. रात्री ढग राहिले किंवा वारा सुटला तर धुकं नाही, दवही बेताचंच.

म्हणून रविवार धरून बसू नका. रात्री दहाला गच्चीवर जा. चांदण्या दिसतात का? दोरीवरचे कपडे हलतात का? चांदण्या आहेत आणि कपडे स्थिर आहेत, तर पाचचा गजर लावा.

४. जागा आदल्या दिवशी, त्याच वेळी पाहा

पहाटे अंधारात नवी जागा शोधणं म्हणजे सर्वोत्तम वीस मिनिटं बांधावर धडपडण्यात घालवणं. आदल्या दिवशी जाऊन सूर्य कुठून येणार आणि समोर काय येणार, एवढं बघून या.

एक गणित इथं उपयोगी पडतं. २२-२३ सप्टेंबरला सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. त्यानंतर मावळतीची जागा दर आठवड्याला जवळजवळ तीन अंश दक्षिणेकडे सरकते, म्हणजे सूर्याचीच सहा बिंबं शेजारी शेजारी ठेवावीत तेवढी. रंकाळ्याच्या चौपाटीवर उभं राहून पश्चिमेकडे तोंड केलं तर ती सरक डावीकडे दिसते. मागच्या आठवड्यात ज्या झाडामागे सूर्य बुडाला, त्याच झाडाच्या भरवशावर या आठवड्यात ट्रायपॉड रोवू नका. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोहोचतात तो सोहळा, ९ ते ११ नोव्हेंबरला होतो तो याच सरकण्यामुळे. तोवर मावळता सूर्य पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला गेलेला असतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश, तेवढ्यावर अंदाज बांधता येतो.

जागांबद्दल थोडक्यात. धुक्यासाठी प्रयाग चिखली, आंबेवाडी, वडणगे बाजूची नदीकाठची सखल रानं. वरून धुकं पाहायचं तर पन्हाळ्याच्या पूर्वेचा सज्जा कोठीचा कडा, शहरापासून सुमारे २० किलोमीटर. सोनकी आणि तेरडा हवा असेल तर मसाई पठार, पण ऑक्टोबरचा मध्य उलटायच्या आत. नंतर तिथं गवत वाळायला लागतं. तेही सुंदर दिसतं, फक्त विषय बदलतो. फुलांच्या ताटव्यात आडवं होऊन फोटो काढणाऱ्यांना मी हात जोडते. पायवाटेवर बसूनही कॅमेरा जमिनीलगत जातो.

सावध: भाताच्या बांधावर आणि गवतात या दिवसांत साप असतात, घोणसही. घोट्याच्या वर येणारे बूट आणि टॉर्च सक्तीचे समजा. आणि रान कुणाचंतरी असतं. "काका, बांधावरनं दोन फोटो काढू का?" एवढं विचारलं तर आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट, शेंगा बांधून मिळाल्यात.

५. पहाट: क्रम चुकवू नका

ऑक्टोबरात आपल्याकडे सूर्य सुमारे ६:२५ ते ६:३० ला उगवतो. तुम्ही पावणेसहाला जागेवर हवे. साडेआठपर्यंत उजेड चार वेळा बदलतो आणि प्रत्येक वेळी वेगळी गोष्ट टिपायची असते. बहुतेक लोक सगळा वेळ एकच गोष्ट टिपत राहतात: सूर्य.

*सूर्य उगवण्याआधी, धुकं.* या वेळी चौकट साधी ठेवा. एक झाड, एक खोप, एखादा माणूस आणि बाकी सगळं पांढरं. कॅमेरा धुक्याला करडं करतो, कारण त्याला इतका पांढरेपणा पटत नाही. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.३ ते +१ पर्यंत वाढवा. मोबाईलवर झाडावर बोट दाबून धरा, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवा. अति रुंद लेन्स वापरू नका, तिच्यात धुकं विरळ दिसतं. दुप्पट झूम किंवा टेलिफोटो घेतला की थर एकावर एक येतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडण्याची क्षमता, ८०० किंवा १६०० वर गेला तरी घाबरू नका. हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा.

*सूर्य क्षितिजावर आल्यापासून पंधरा-वीस मिनिटं, दव.* आता खाली बसा. शब्दशः. उभ्यानं दव दिसत नाही. सूर्य समोर, पण चौकटीच्या जरा बाहेर ठेवा आणि एखाद्या पानाआड किंवा स्वतःच्या हाताच्या सावलीत लेन्स धरा. गवताचं प्रत्येक टोक पेटल्यासारखं दिसतं. इथं एक्सपोजर उलट करायचं: –०.७ ते –१. थेंब पांढरे फटक झाले तर त्यातलं काही परत मिळत नाही, काळोख मात्र नंतर उजळता येतो. कोळ्याचं जाळं सापडलं तर त्याच्यामागे अंधारा भाग येईल असे सरका, उसाचा फड इथं कामाला येतो. जाळं हलतं, म्हणून शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद नको. जाळ्याला पाण्याचा फवारा मारून 'दव' तयार करणारे असतात. ते थेंब मोठे, ओघळलेले दिसतात आणि बघणाऱ्याला कळतं.

*पावणेसात ते साडेसात, भात आणि माणसं.* ऊन अजून तिरपं, पण आता त्यात रंग आणि ताकद दोन्ही असतात. सूर्य बाजूला घ्या. लोंबीचा प्रत्येक दाणा उठून येतो, नांगरट केलेल्या ओल्या मातीत सरींची सावली पडते. कापणी चालू असेल तर माणसांचा फोटो कामात असताना घ्या, उभं करून नको. त्यांना "इकडं बघा" म्हटलं की विळा थांबतो आणि फोटो लग्नातला होतो.

*साडेसातनंतर, प्राजक्त आणि ओलं अंगण.* प्राजक्त खरं तर याआधीच घ्यायला हवा. पहाटे पडलेली फुलं नऊपर्यंत मलूल होतात. पण ज्यांच्या दारातच झाड आहे त्यांनी रानातून परतल्यावर घ्यावा. सडा वरून टिपू नका, पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी होते. कॅमेरा जमिनीवर टेकवून केशरी देठ दिसेल असा घ्या आणि खालची माती, शेवाळ, फरशीची ओल चौकटीत ठेवा.

साडेआठला थांबा. त्यानंतरचं ऊन भाताला पांढरं करतं. मिसळ खायला जा.

तपासा: निघण्याआधी स्क्रीनवर तीन फोटो उघडा. एकात तरी ओल आणि ऊन दोन्ही एकत्र दिसतात का? दिसत नसतील तर अजून दहा मिनिटं आहेत, खाली बसा.

६. दुपार

दुपारचे फोटो काढू नयेत, हा सल्ला निसर्गफोटोंसाठी बरोबर आहे. पण ऑक्टोबरची दुपार हीसुद्धा शरदाचीच. कपिलतीर्थ मंडईत झेंडू-शेवंतीचे ढीग, ताडपत्रीतून गाळून आलेलं ऊन, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याच्या पानांच्या जुड्या. सावलीत उभे राहा आणि सावलीतलंच टिपा. अर्धं ऊन अर्धी सावली अशी चौकट आली की कॅमेरा दोन्हीकडे हरतो. काढण्याआधी दोन रुपयांची फुलं घ्या, मावशी खुशीनं हसतात.

गोधड्यांचा फोटो मात्र दुपारचाच. वरून कडक ऊन, खाली ओला घाट. सूर्य पलीकडे ठेवून गोधडीच्या आतून उजेड येऊ द्या, ठिगळांचे रंग तेव्हाच खुलतात. धुणं धुणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय त्यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. गोधड्या पुरेशा बोलतात.

७. संध्याकाळ

महिन्याच्या सुरुवातीला सूर्यास्त ६:२० च्या आसपास, अखेरीस सहाच्या जवळ. रंकाळ्यावर गर्दी सूर्य बुडाला की घरी जाते. तुम्ही अर्धा तास थांबा. पाऊस आकाश धुऊन गेलेला असतो, त्यामुळे मावळतीनंतर जांभळट-गुलाबी रंग पाण्यावर उतरतो. तेव्हा ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

दसऱ्याच्या दिवशी दसरा चौकात हाच उजेड असतो. सोहळा सूर्यास्ताच्या सुमारास होतो आणि उजेड मिनिटामिनिटाला उतरतो. शटर १/१२५ वर पक्कं करा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. फ्लॅश नको, समोरच्या माणसाची पाठ तेवढी उजळते. सोनं लुटताना उंचावलेले हात आणि त्यातली पानं, एवढी चौकट मिळाली तरी भरपूर.

अंबाबाईच्या गाभाऱ्यात फोटो काढता येत नाहीत. तिथं मोबाईल लपवून धरण्याची हुशारी करू नये.

८. कोजागरी

चंद्र जमिनीसह हवा असेल तर चतुर्दशीची संध्याकाळ गाठा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी उगवतो, म्हणजे मावळत्या उन्हात रान उजळलेलं आणि पूर्वेला फिकट चंद्र, दोन्ही एकाच एक्सपोजरमध्ये बसतात. रात्री दहाला तेच करायला गेलात तर एकतर चंद्र पांढरा दिवा होतो किंवा खालचं सगळं काळं. नुसता चंद्र टिपायचा तर लेन्सचं छिद्र एफ/११, आयएसओ १००, शटर १/१०० पासून सुरू करा. मोबाईलमध्ये झूम केल्यावर फार स्पष्ट डाग दिसले तर त्यात मोबाईलची करामत किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दुधातला चंद्र हा गच्चीवरचा लाडका फोटो, आणि तो बाराला काढायला गेल्यानं फसतो. मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. वाटीवर वाकलं की आपलीच सावली पडते. नऊ-सव्वानऊला काढा, तेव्हा तो अर्ध्या उंचीवर असतो आणि वाटीच्या पलीकडून तिरकं प्रतिबिंब येतं. फोकस वाटीच्या कडेवर लावला तर चंद्र पसरतो, कारण प्रतिबिंबाचं अंतर चंद्राएवढंच लांब असतं. रुंद लेन्स आणि लहान छिद्र वापरलं तर वाटीही बऱ्यापैकी स्पष्ट राहते. दूध ताजं ओतलेलं हवं. साय धरली की गेला चंद्र.

९. निवड आणि एडिटिंग

त्याच रात्री एडिट करू नका. दोन दिवस थांबा, मग निवडा. शंभरातून आठ. धुक्याचे एकसारखे बारा फोटो असतील तर एकच.

एडिटिंगमध्ये बहुतेकांचा हात तीन ठिकाणी घसरतो. हिरव्याची तीव्रता वाढवतात: ती उलट थोडी कमी करा, म्हणजे भाताचा पिवळा वर येतो. धुक्याच्या फोटोवर धुकं घालवणारा स्लायडर चालवतात: मग पहाटे उठलात कशाला? आणि सावल्या इतक्या उजळतात की ओल्या मातीचा काळसरपणा जातो. ओल दिसते ती गडद रंगामुळे. सावल्या राहू द्या, फक्त उजळ भाग थोडा खाली आणा. व्हाइट बॅलन्स ५५०० च्या वर न्यायचा तर ५८०० पर्यंत, पुढे गेलात की मातीला हळद लागते.

शेवटची तपासणी मी आमच्या आईकडून करून घेते. फोटो दाखवायचा, जागा आणि तारीख सांगायची नाही, फक्त विचारायचं, "कुठला महिना?" गेल्या वर्षी मला फार आवडलेला रंकाळ्याचा सूर्यास्त तिनं "कधीचा का असेना" म्हणून बाजूला सारला. खळ्यातल्या भुईमुगाच्या फोटोवर मात्र चष्मा पुसून म्हणाली, "घटाची माती आणायची राहिलीय की गं."

तो ठेवला.